कोचबाईंचे निरोप

त्या उन्हाळ्यात माझी मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. अबोला म्हणावा असंही नव्हतं. जेवलीस का विचारलं तर हो म्हणायची, गाडीत बस म्हटलं तर बसायची. बाकी सगळ्याला एकच उत्तर, "ग्रँड," म्हणजे छान चाललंय. आयर्लंडमध्ये वाढलेल्या मुलांना हा एक शब्द मिळाला की पुढे भाषा शिकायची गरज उरत नाही. पाऊस पडला तरी ग्रँड, ताप आला तरी ग्रँड. आईने तोंड उघडलं की तिला दारातूनच परत पाठवायलाही ग्रँड.

कारण साधं होतं. आम्ही दोघंही इंजिनिअर, आणि वसंतात तिने आमच्याच गावच्या, ॲथलोनच्या कॉलेजमधलं इंजिनिअरिंग सोडलं आणि आम्हाला नंतर सांगितलं. तिचे बाबा पुण्याचे, ते थोडं बोलले आणि मग विचार करायला बाल्कनीत गेले. मी नागपूरची, मी बोलले. भरपूर बोलले. आई आहे, बोलणारच. त्यानंतर तिने माझ्यापुरतं दार ओढून घेतलं ते घेतलंच. एकुलती एक मुलगी. घरात तिघंच माणसं, आणि त्यातल्या एकाचा आवाज फक्त खोलीच्या भिंतीतून, मैत्रिणींशी फोनवर हसताना ऐकू यायचा. तो ऐकायला मी जिन्यात उभी राहायचे, हे सांगायला मला काही लाज वाटत नाही.

ती ज्या एका गोष्टीसाठी घराबाहेर पडायची ती म्हणजे तिचा फुटबॉल. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. आता आयर्लंडमध्ये आयरिश फुटबॉल असताना भारतीय आईबापांच्या पोरीने ऑस्ट्रेलियाचा खेळ का खेळावा, हे मला विचारू नका. शाळेत ती इथलाच गेलिक खेळ खेळायची. मग कोणीतरी मलिंगारला मुलींचा हा नवा संघ आहे म्हणून सांगितलं आणि आमच्या बाईसाहेब गेल्या. गाडीचा परवाना तिच्याकडे नव्हता, संध्याकाळची बस सोयीची नव्हती, त्यामुळे ॲथलोनहून मलिंगारला न्यायचं आणि आणायचं माझ्याकडे आलं. मी रस्त्याकडे बघायचं, तिने खिडकीबाहेर बघायचं. दोन्ही बाजूंनी ओली हिरवी शेतं, मधेच दलदलीचा काळा पट्टा, त्यावर जमिनीपासून वीतभर उचललेलं धुकं आणि धुक्यात पोटापर्यंत बुडालेल्या गाई. जूनमधल्या त्या संध्याकाळी संपता संपत नाहीत. किती वाजले हे आकाश सांगतच नाही. मला कधी कधी वाटायचं, आपण दोघी अशाच न बोलता जात राहू आणि कुठे पोचणारच नाही.

मैदान एका गेलिक क्लबच्या मागच्या बाजूला भाड्याने घेतलेलं. या खेळाला लंबगोल मैदान लागतं, ते इथे कुठून असणार? मग संध्याकाळी येऊन मुलीच केशरी शंकू मांडून चौकोनाचा लंबगोल करायच्या आणि जाताना परत उचलायच्या. मी गाडीतच बसायचे. काचेवर पावसाचे बारीक थेंब, त्यांच्यामागे हिरव्यात हलणारे निळे ठिपके, आणि चेंडू. तो चेंडूही लंबगोल. आपटला की कुठे उडेल त्याचा नेम नाही, कधी छातीशी येतो, कधी बाजूला पळतो. नाचता येईना अंगण वाकडे म्हणायची सोय नाही, कारण इथे अंगणही वाकडं आणि चेंडूही वाकडा. तो हातात घेऊन पळायचं, पळता पळता मधूनमधून जमिनीला लावायचा, दुसरीला द्यायचा तर लाथेने किंवा मुठीने मारून. लांबून लाथेने मारलेला चेंडू कोणी हवेत उडी मारून झेलला की सगळा खेळ क्षणभर थांबतो आणि झेलणारीला शांतपणे पुढची लाथ मारू देतात. हे थांबणं मला आवडायचं. काचेतून आवाज यायचा नाही. सगळ्याजणी एकदम उभ्या, एकीच्या हातात चेंडू, वर ढग सरकताहेत.

गोल करायला जाळी नाही, चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या बुटक्या खांबांमधून गेला तरी एक गुण मिळतो. हे कळलं तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात मालाची तपासणी करते. आमच्याकडे नळीची जाडी केसभर चुकली तर ती कचऱ्यात जाते, चुकण्याबद्दल तिला कोणी एक गुण देत नाही.

कोच होत्या एक ऑस्ट्रेलियन बाई. पन्नाशी उलटलेली, पांढऱ्या केसांची एक वेणी, अंगात जुनाट रेनकोट, हात कायम खिशात. इथल्या माणसाशी लग्न करून कितीतरी वर्षांपूर्वी आलेली आणि हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी. मी त्यांना मनात कोचबाई म्हणायचे. कोचबाई ओरडत नसत. हे माझ्या लेखी पहिलं वैगुण्य. शाळेत आमचे खो-खोचे सर असे ओरडायचे की शेजारच्या शाळेतली मुलं पळायला लागायची. आणि दुसरं म्हणजे, कोचबाईंचा संघ हरायचा. अधूनमधून नव्हे, नेमाने. तिथल्या एक आई माझ्या गाडीशी वाकून मला म्हणाल्या होत्या, "बाई फार गोड आहे हं, पण..." आणि तो 'पण' तसाच सोडून त्या चहाचा थर्मास आणायला गेल्या.

घरी नवऱ्याने विचारलं, "जिंकतात का?"

"नाही."

"मग ती कोच कसली?"

प्रश्न माझाही तोच होता.

एका संध्याकाळी कोचबाईंनी माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. मी काच खाली केली. म्हणाल्या, "तुम्हाला पळता येतं का?"

मी म्हटलं, "शाळेत खो-खो खेळायचे."

"म्हणजे काय?"

मी सांगितलं. एका ओळीत एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, पाठलाग करणारी मागून येऊन एकीच्या पाठीला हात लावते आणि 'खो' म्हणते, मग ती उठून पळते आणि पहिली तिच्या जागी बसते. कोचबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे येतं."

झालं होतं असं की त्यांची रनर गॉलवेला राहायला गेली होती. हा खेळ इतक्या मोठ्या मैदानावर चालतो की कोचचा आवाज पलीकडे पोचत नाही. म्हणून एक माणूस ठेवलेलं असतं. कोचने सांगितलेला निरोप घेऊन त्याने खेळ चालू असताना मैदानात पळत जायचं, ज्या खेळाडूसाठी असेल तिला सांगायचं आणि लगेच बाहेर यायचं. आपल्याकडे पूर्वी राजेरजवाड्यांकडे जासूद असत तसं, फक्त घोड्याशिवाय आणि फिकट गुलाबी बनियनमध्ये.

मी मुलीकडे पाहिलं. ती दूर गवतात बसून बुटाची लेस बांधत होती आणि मुद्दाम वर बघत नव्हती. मी हो म्हटलं. खेळाच्या प्रेमापोटी नाही. घरात तिला खोलीचं दार लावून घेता येत होतं, मैदानात ते नव्हतं. तिथे मी तिच्यापर्यंत जाऊन काहीतरी बोलू शकले असते आणि तिला ते ऐकावंच लागलं असतं. आईचं डोकं असं चालतं.

माझा पहिला सामना बेलफास्टहून आलेल्या संघाशी होता. हवेत पावसाची भुकटी, शंकू सोडता मैदानाच्या कडा कुठे संपतात ते दिसत नव्हतं. थोड्या वेळाने कोचबाई मला म्हणाल्या, "तुमच्या मुलीला सांगा, थोडं बाहेरच्या बाजूला सरक." मी निघाले. चाळिशी पार केलेली मी त्या ओल्या गवतावरून इतकी सुसाट गेले की माझं मलाच आश्चर्य वाटलं. तिच्याजवळ पोचले आणि म्हटलं, "बाहेरच्या बाजूला सरक म्हणतायत. आणि ती उंच पोरगी तुला मघापासून ढकलते आहे, तू का खपवून घेतेस? तूही ढकल की. लेस बघ तुझी सुटलेली आहे. आणि पाणी? पाणी प्यायलीस का सकाळपासून?"

एवढ्यात चेंडू आमच्या दोघींच्या मधून गेला. त्याच्यामागून ती उंच पोरगी गेली. खांबांपाशी पांढऱ्या कोटातल्या माणसाने दोन झेंडे फडकवले, म्हणजे सहा गुण, त्यांचे. पंच माझ्यावर ओरडले की बाहेर व्हा. बेलफास्टच्या बाया हसल्या, आमच्याही हसल्या. माझ्या मुलीचे कान लाल झाले होते. ती लहानपणी शाळेत कविता विसरली तेव्हा असे झाले होते.

मध्यंतरात कोचबाईंनी संत्र्याच्या फोडी वाटल्या. मलाही एक दिली. झाल्या प्रकाराबद्दल एक अक्षर नाही. मी मनात माझी बाजू मांडत होते. आमच्याकडे नुसता निरोप कोणी सांगतच नाही हो. लहानपणी शेजारच्या काकू मला म्हणायच्या, "आईला सांग, संध्याकाळी ये." मी घरी येऊन सांगायचे की काकूंनी संध्याकाळी बोलावलंय, त्या निळी साडी नेसल्यात, घरात साबुदाणा भिजवलेला दिसला, आवाज जरा बसलेला वाटला, आणि मला वाटतं त्यांचं काकांशी वाजलंय. आई म्हणायची, शाबास. निरोपात पदरचं घालायचं नाही तर माणूस कशाला पाठवायचं? नुसता निरोप म्हणजे पाहुण्यापुढे नुसतं पाणी ठेवण्यासारखं. दोन शब्द वर घातले तरच त्यात माया असते, अशी आमची समजूत.

त्यानंतर कोचबाई मला सगळ्यांकडे पाठवायला लागल्या, फक्त माझ्या मुलीकडे नाही. दुसरा सामना झाला, तिसरा झाला. मागच्या फळीतल्या गोऱ्यापान नर्सकडे, शेतकऱ्याच्या घरातल्या दांडग्या पोरीकडे, सगळीकडे मी. माझी लेक माझ्यासमोरून पळत जायची, धापा टाकायची, आणि तिच्यासाठी माझ्याकडे काहीच नसायचं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पण बनियन काढून देण्याइतकं धाडस होईना, कारण दिलं असतं तर परत काचेआड.

निरोप मात्र मोठे मजेचे असत. दांडग्या पोरीला गेलिकची सवय, त्या खेळात आडव्या दांड्यावरून चेंडू मारला की गुण मिळतो, म्हणून ती इथेही आभाळात मारायची. तिच्यासाठी निरोप, "खाली." एवढाच. नर्सबाई एक झेल सोडून रडवेली झाली होती, तिच्यासाठी निरोप, "पुढचा." एकदा मधल्या फळीतल्या मुलीसाठी म्हणाल्या, "तिला विचारा, तुला काय दिसतंय. आणि उत्तरासाठी थांबू नका, या परत."

मी वैतागून म्हटलं, "उत्तर नकोय तर विचारायचं कशाला?"

"तिने बघावं म्हणून," कोचबाई म्हणाल्या आणि परत खेळाकडे वळल्या.

त्यांच्या शेजारी उभं राहून मला एक गोष्ट दिसायला लागली. मैदानात काही बिघडलं की बाईंचे ओठ उघडायचे. शब्द अगदी तोंडाशी आलेला दिसायचा. मग त्या थांबायच्या, मुलींकडे बघत राहायच्या आणि ओठ मिटायचे. शब्द परत आत गेला. असं कितीतरी वेळा. मी जन्मात असं माणूस पाहिलं नव्हतं. आमच्या घराण्यात तोंडाशी आलेला शब्द परत गेल्याची नोंद नाही. बहुतेक वेळा बाई थांबल्या की मैदानातच कोणीतरी कोणालातरी हाक मारायची आणि बिघडलेलं आपसूक सरळ व्हायचं. कधी व्हायचं नाही. मग गोल बसायचा, आणि बाई रेनकोटाच्या खिशात मुठी आवळायच्या.

हळूहळू मला जमायला लागलं. खो देताना कोणी सल्ला देत नाही, हे मला एका सामन्यात पळता पळता आठवलं आणि हसू आलं. पाठीला हात, एक शब्द, आणि खाली बस. मी दांडग्या पोरीजवळ गेले, "खाली" म्हटलं आणि वळले. अंग इतकं हलकं वाटलं! धुकं, हिरवं गवत, माझे स्वतःचे श्वास. मी कोणाची आई नव्हते, तपासनीस नव्हते, एका जागेहून दुसऱ्या जागी एक शब्द नेणारी होते. त्या वयात इतकं मोकळं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

नागपूरहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. "काय करून राहिली व पोरगी?"

"खेळून राहिली."

"अन् तू?"

"मी पळून राहिले."

"बरंय," आई म्हणाली, "कोणीतरी पळून राहिलं." आणि मग जावयाच्या पथ्याकडे वळली.

पण घरात काही बदललं नव्हतं. मुलगी जेवायची, ताट धुवायची, ग्रँड म्हणायची, वर जायची. शेवटी एका सरावाच्या संध्याकाळी, शंकू उचलून झाल्यावर, मी कोचबाईंना गाठलं. पाऊस थांबला होता आणि सगळं मैदान आतून उजळल्यासारखं दिसत होतं. मी सरळ विचारलं, "तुम्ही मला माझ्या मुलीकडे का पाठवत नाही?"

"तुम्ही निघालात की ती चेंडूवरची नजर काढते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिच्याकडे निघाला आहात की दुसऱ्या कोणाकडे, हे कळेपर्यंत ती तुमच्याकडेच बघत असते. आल्यावर नाही. निघाल्यापासून."

मला राग आला, आणि राग आला की मी पुढचा माणूस बघत नाही. मी म्हटलं, "तुम्हाला जिंकावंसंच वाटत नाही का? इतकं सगळं कळतं, मग हरता कशाला?"

बाई हसल्या नाहीत. "वाटतं की. रोज वाटतं. हरून घरी गेले की माझा नवरा गुपचूप बटाटे सोलत बसतो, कारण मी त्या दिवशी माणसात नसते. मी सांगत राहिले असते तर आम्ही दोन-चार सामने जिंकलोही असतो. अशी मी पूर्वी होते. तेव्हा जिंकायचे. मग मी एकदा आजारी पडले, सामन्याला जाऊ शकले नाही, आणि माझ्या मुली मैदानात नुसत्या उभ्या राहिल्या. कोणाला काही सुचेना. सगळ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या म्हणे." त्यांनी शंकूंची चळत बगलेत धरली. "खेळतात त्या. मी नाही."

गाडीत बसल्यावर मला रडू आलं. मुलगी शेजारी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं, आणि वायपर चालू केले. पाऊस नव्हता. कोरड्या काचेवर ते कर्रकर्र करत राहिले आणि आम्ही दोघींनीही ते बंद केले नाहीत.

मोसमातला शेवटचा सामना डब्लिनला होता, ब्युमॉन्टच्या बाजूच्या एका मोठ्या बागेत. समोरचा संघ तालेवार. वरून विमानं इतक्या खालून जायची की त्यांची चाकं दिसायची, आणि प्रत्येक विमानामागे सगळं थोडा वेळ मुकं व्हायचं. समुद्रावरून पांढरं काहीतरी सरकत आलं होतं, ऊन त्यातूनच पडत होतं. मुलगी मागच्या फळीत, खांबांच्या जवळ होती.

तिच्याकडे एक सरळ झेल आला आणि तिने सोडला. दोन झेंडे. थोड्या वेळाने परत तसाच आला, परत सुटला. परत दोन झेंडे. ती कमरेवर हात ठेवून पाठमोरी उभी राहिली. ती पाठ मला माहीत होती. वसंतापासून मी तीच पाठ बघत होते. आता हिला कोणी सांगायला हवं, हात छातीशी धर, वाट बघू नकोस, पुढे जाऊन घे. माझ्या तोंडात सगळं तयार होतं.

कोचबाई तिच्याकडे बघत होत्या. बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "जा."

"कोणाकडे?"

त्यांनी हनुवटीने दाखवलं.

"काय सांगू?"

"काही नाही. तिच्याजवळ एक श्वासभर उभ्या राहा, आणि या."

"निरोप?"

"निरोप नाही."

मी निघाले. इतकं लांब मैदान मी आयुष्यात पळले नव्हते. निघाल्यापासून ती माझ्याकडे बघत होती, बाई म्हणाल्या होत्या तसंच. जवळ जाईतो तिची हनुवटी वर गेली, खांदे ताठ झाले, आपण थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घ्यायच्या आधी होतो तशी ती झाली. ती माझ्या बोलण्यासाठी अशी तयार होते हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी तिच्याशेजारी उभी राहिले. माझ्या जिभेवर झेल होता, लेस होती, पाणी होतं, कॉलेज होतं, तिच्या आजीला काय सांगायचं ते होतं. वरून एक विमान गेलं. विमान जाईपर्यंत बोललं तरी ऐकू आलं नसतं, पण विमान गेलं तरी मी बोलले नाही.

"काय म्हणाली ती?" तिने इंग्रजीत विचारलं.

"काही नाही."

"आणि तू?"

"मीही काही नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. संशयाने, मग जरा थांबून, नुसतंच. तिचे डोळे तिच्या बाबांसारखे पिंगट आहेत हे मी इतके महिने विसरले होते. मी वळले आणि परत आले.

त्यानंतर तिने काही पराक्रम गाजवला नाही. पुढचा झेल घेतला, त्याच्या पुढचा सोडला. पण सोडल्यावर पाठ फिरवली नाही, चेंडूमागे गेली. शेवटच्या सत्रात कोचबाईंनी मला कुठेच पाठवलं नाही. त्या चक्क गवतात बसल्या आणि संत्रं सोलायला लागल्या. मी बनियनमध्ये उभी. "जाऊ का?" मी विचारलं. "नको," त्या म्हणाल्या. मैदानात आमच्या मुली एकमेकींना हाका मारत होत्या, हात करून दाखवत होत्या, आपापसात जागा बदलत होत्या. माझी मुलगी, जी घरात महिनोन्‌महिने एका शब्दावर जगत होती, ती तिच्याहून वीतभर उंच बायांना सांगत होती की तू इथे ये, तू मागे जा, मी बघते हिला. तिचा आवाज धुक्यातून माझ्यापर्यंत येत होता. आमच्याकडे कोणीही बघत नव्हतं. मी कोचबाईंकडे पाहिलं. त्या संत्र्याची फोड हातात धरून बसल्या होत्या, खायचं विसरून. इतका सुखी चेहरा मी जिंकणाऱ्या माणसाचाही पाहिलेला नाही. मला त्या बाईचा हेवा वाटला. 'मग ती कोच कसली' या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं, पण ते घरी जाऊन त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याला तिथे गवतात आणून उभं करावं लागलं असतं.

सामना हरलो, अर्थातच.

परत येताना ऊन थेट डोळ्यांवर होतं. मोटरवे पश्चिमेला जात राहतो आणि सूर्य बुडायचं नाव घेत नाही. डब्लिनची घरं संपली, शेतं सुरू झाली. मुलीने चिखलाचे बूट काढून पायाशी ठेवले होते. आणि तिने बोलायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघता, समोर बघत, तिच्या त्या आयरिश इंग्रजीत.

म्हणाली, कॉलेजमध्ये सगळं कळायचं, पण आपण तिथे नाही असं वाटायचं. म्हणाली, हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर पश्चिम किनाऱ्याला गेलो होतो, तिथे एक जुनी लाकडी बोटींची शेड आहे. एक म्हातारा आणि त्याची मुलगी बोटी बांधतात. नंतर त्याच हिवाळ्यात मी दोन शनिवारी तिकडेच होते, तुला मलिंगारला मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं होतं. ते मला शिकायला ठेवून घ्यायला तयार आहेत. सप्टेंबरपासून. राहायला वरती एक खोली आहे.

दोन इंजिनिअरांची मुलगी. सुतारकाम. समुद्राकाठची दमट खोली. पगार काय, विमा काय, करवतीने बोटं गेली म्हणजे? नागपूरला कोणत्या तोंडाने सांगू? आणि सप्टेंबर म्हणजे काही आठवडेच, नंतर जिन्यात उभं राहून ऐकायला भिंतीपलीकडे कोणी असणार नाही. हे सगळं एकदम माझ्या तोंडाशी आलं. मला ते जाणवत होतं, दाताच्या मागे, गरम. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. एक ट्रक गेला, एक पूल गेला.

"आई," ती म्हणाली, "बोल ना काहीतरी."

महिनोन्‌महिने मी हेच ऐकायला तडफडले होते, आणि आता तिने सांगितलं तेव्हा मी मनात शब्द धुंडाळत होते. त्यातला प्रत्येक शब्द माझा होता, तिच्या कामाचा एकही नव्हता.

"लाकूड कुठलं वापरतात?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. पूर्ण वळली, पट्ट्यासकट. "बाहेरून लार्च," ती म्हणाली. "आतल्या फासळ्या ओकच्या. ती फळी सरळ असते ना, तिला वाफेत ठेवतात, मग ती मऊ होते, आणि मग तिला वाकवायला दोघांनी दोन टोकं धरायची असतात, पटकन, गार व्हायच्या आत..." ती हातांनी दाखवत होती. ॲथलोनचा फाटा आला, आमचा रस्ता आला, घर आलं. मी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि दाराला हातही लावला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवरा बघत होता आणि हाताने खूण करून विचारत होता, काय झालं? मी त्याला थांब अशी खूण केली. ती अजून बोलत होती.